विषय निवडा, पातळीही पाहा

नव्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या पहिल्याच वर्षी मुख्य विषयाच्या जोडीला खुले ऐच्छिक विषय आणले. महाराष्ट्रात ते दुसऱ्या विद्याशाखेतूनच घ्यावे लागतात. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२च्या आराखड्यात पायाभूत अभ्यासक्रमांना १०० ते १९९, मध्यम पातळीच्या अभ्यासक्रमांना २०० ते २९९ असे क्रमांक आहेत. हे मुलांना सांगतो कोण? अर्ज भरताना ती मित्राचा विषय किंवा सोयीचे वेळापत्रक पाहून खूण करतात. दहावीनंतर गणित सुटलेल्या कला शाखेच्या विद्यार्थिनीने संख्याशास्त्र जरूर घ्यावे. मात्र ते मुळापासून शिकवणार का, हे आधी विचारावे. आणि उत्तर द्यायला महाविद्यालयाने प्रवेशाच्या दिवसांत खिडकीपाशी लिपिकाशेजारी त्या विषयाचा प्राध्यापकही बसवावा.