ताम्रपटावरची पाच गावे

नवव्या शतकात सुवर्णद्वीपाचा, म्हणजे आजच्या इंडोनेशियाच्या परिसरातील एका राज्याचा, राजा बालपुत्रदेव याने नालंदेत एक विहार बांधला. त्याच्या विनंतीवरून पालवंशीय सम्राट देवपालाने विहाराच्या खर्चासाठी पाच गावे तोडून दिली. नालंदेच्या उत्खननात १९२१ साली सापडलेल्या ताम्रपटावर हे दान कोरलेले आहे. पूजाअर्चा, भिक्षूंचे अन्नवस्त्र, आजाऱ्यांचे औषधपाणी, ग्रंथलेखन आणि वास्तूची डागडुजी, असे त्याचे हेतूही तेथे नोंदले आहेत. परराज्याशी मैत्री, विद्या-कलांची जोपासना आणि परदेशी विद्यार्थ्याचे क्षेमकुशल या तीन गोष्टी आपल्या पूर्वजांनी एकाच पत्र्यावर लिहून ठेवल्या!

आज या तिन्हींकडे पाहण्याच्या दृष्टी वेगवेगळ्या झाल्या आहेत. कलेच्या क्षेत्रात महोत्सव मोजले जातात, परराष्ट्रनीतीत करार मोजले जातात आणि विद्यार्थ्यांच्या बाबतीत शिष्यवृत्त्यांचा आकडा मोजला जातो. शिष्यवृत्ती घेऊन आलेला मुलगा राहतो कोठे, जेवतो काय, आजारी पडला तर त्याच्या उशाशी कोण बसते, हे मात्र कोणत्याच हिशेबात येत नाही.

या विसंगतीची किंमत आपण मोजली आहे. ऑक्टोबर २०१५ मध्ये दिल्लीतील भारत-आफ्रिका शिखर परिषदेत पाच वर्षांत ५०,००० शिष्यवृत्त्यांची घोषणा झाली. मे २०१६ मध्ये त्याच दिल्लीत काँगोच्या एका तरुणाची रिक्षावरून झालेल्या वादात हत्या झाली. तेव्हा आफ्रिकी राजदूतांनी भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेचा ‘आफ्रिका दिन’ सोहळा पुढे ढकलण्याची मागणी केली. सुरक्षिततेची हमी मिळेपर्यंत नवे विद्यार्थी भारतात पाठवू नयेत, अशी शिफारस आपापल्या सरकारांना करण्याचा इशाराही त्यांनी दिला. शासनाने आश्वासन दिल्यावर सोहळा पार पडला. पण मार्च २०१७ मध्ये ग्रेटर नोएडात नायजेरियाच्या विद्यार्थ्यांना जमावाने मारहाण केलीच. रस्त्यावर मार खाल्लेल्या मुलाला रंगमंचावरचे नृत्य काय सांगणार?

गुन्हे कोणत्या देशात घडत नाहीत, असे कोणी म्हणेल. परंतु २००९ साली ऑस्ट्रेलियात भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले झाले, तेव्हा आपण हा युक्तिवाद मान्य केला नव्हता, आणि ते योग्यच होते. आपल्या लेकरांसाठी जो न्याय मागितला, तोच दुसऱ्यांच्या लेकरांना द्यायला हवा.

यात केवळ भूतदया नाही, राष्ट्रहितही आहे. अफगाणिस्तानचे हमीद करझाई सिमल्याच्या हिमाचल प्रदेश विद्यापीठात शिकले. पुढे राष्ट्राध्यक्ष असताना, २०११ साली, त्यांनी सामरिक भागीदारीचा करार केला तो भारताशी. त्यांच्या देशाचा कोणत्याही राष्ट्राशी झालेला असा तो पहिला करार होता. करार केवळ आठवणींवर होत नाहीत हे खरे. पण चांगली आठवण वाटाघाटीच्या मेजावर आपल्या बाजूने बसते, हेही तितकेच खरे.

१९५० साली स्थापन झालेली सांस्कृतिक संबंध परिषद कलावंतांचे दौरे आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्त्या ही दोन्ही कामे करते, आणि ती परराष्ट्र मंत्रालयाच्याच अखत्यारीत आहे. चौकट तयार आहे. हवी आहे ती एकात्म दृष्टी. प्रत्येक शिष्यवृत्तीसोबत निवासाची व्यवस्था, तक्रार ऐकणारा जबाबदार अधिकारी आणि स्थानिक पालक-कुटुंब असावे.

शेवटची गोष्ट शासनाच्या हाती नाही, ती आपल्या घरातली आहे. पुण्यासारख्या शहरात आफ्रिका आणि आशियातील अनेक देशांचे विद्यार्थी शिकतात. रंग आणि देश पाहून खोली नाकारणाऱ्या घराच्या भिंतीवर ‘वसुधैव कुटुंबकम्’ शोभत नाही. यंदाच्या दिवाळीत फराळाच्या ताटावर असा एक विद्यार्थी बोलवावा. पाच गावे देण्याचे सामर्थ्य आपल्यापाशी नसेल. एक पाट मांडण्याचे निश्चित आहे.