परसबाग : रानझेंडू

विजयादशमीस ज्या झेंडूचें तोरण आपण दारास बांधतों, तो मूळचा मेक्सिकोकडचा आहे, हें ऐकून पुष्कळांस नवल वाटतें. परदेशचा हा पाहुणा आपल्याकडे इतका रुळला कीं त्याच्यावांचून आपला सण साजरा होत नाहीं. त्याच्याच एका रानटी भावंडाविषयीं आज लिहावयाचें आहे. मात्र ह्याला थारा देतांना आम्ही सावधगिरी राखली नाहीं व त्यामुळें शेजाऱ्यांपुढें खालीं पाहण्याची पाळी आली, तेंही सांगणें प्राप्त आहे.

टॅजेटिस मिन्यूटा हें त्याचें शास्त्रीय नांव लिनियसनें १७५३ सालीं दिलें. मिन्यूटा म्हणजे चिमुकली. पण झाड चांगलें पुरुषभर वाढतें, चिमुकलें असतें तें फूल! बारीक नळीसारखें बोंड व त्याच्या टोंकाला दोन-तीन फिकट पिवळ्या पाकळ्या. तोरणाच्या कामीं तें निरुपयोगीच. ह्याचें माहेर दक्षिण अमेरिका. पेरू देशांत त्यास वाकाताय म्हणतात व पानें वाटून बटाट्यावरील ओकोपा नांवाच्या रश्श्यांत घालतात. आपल्याकडे हिमाचल प्रदेशांत तें रानोमाळ वाढतें. त्याच्या उग्र वासामुळें माकडें व गुरें त्यास तोंड लावीत नाहींत, म्हणून तेथील शेतकरी तें मुद्दाम लावून सुगंधी तेल काढतात.

आम्हांस त्याचा मोह पडला तो मुळांसाठीं. आमच्या वाफ्यांतील वांग्यांच्या मुळांवर सूत्रकृमींच्या गांठी येऊन झाडें खुरटत. झेंडूच्या मुळांत ह्या कृमींना मारक असें द्रव्य असतें, हें हॉलंडमधील संशोधकांनीं १९५८ सालीं दाखवून दिलें. परंतु वांग्यांच्या कडेनें चार रोपें लावून भागत नाहीं. सबंध वाफ्यांत दाट लावून निदान दोन-तीन महिने तें उभें ठेवावें लागतें व वांगीं मागाहून लावावीं लागतात.

लावण्याची रीत सोपी आहे. मृगाच्या सुमारास बीं वाफ्यावर पसरावें व वर मातीचा नुसता हात फिरवावा; खोल पुरूं नये. रोपें वीतभर झालीं म्हणजे एकेक फुटावर लावावीं. भरपूर ऊन असावें, पाणी सांचूं देऊं नये. खत बेतानेंच द्यावें, नाहींतर झाड नुसतें माजतें व वाऱ्यानें लोळतें. फुटभर उंचीवर शेंडा खुडल्यास फांद्या फुटतात. दिवस लहान होऊं लागले कीं फुलें येतात. कापणी करतांना हातमोजे घालावे, कारण ह्याच्या रसानें कित्येकांच्या कातडीची आग होते.

येथेंच आमची चूक झाली. फुलें आल्याबरोबर झाडें कापावयाचीं, तीं आम्ही आळसानें कार्तिक सरेपर्यंत ठेवलीं. काळें, सुईसारखें बीं पिकलें व वाऱ्यानें कुंपणापलीकडे गेलें. पुढच्या पावसाळ्यांत शेजारच्या आजी एक रोपटें मुळासकट घेऊन दारांत उभ्या राहिल्या व म्हणाल्या, “हें तुमचेंच ना?” अधिक कांहींच बोलल्या नाहींत. त्यांचा कोथिंबिरीचा सारा वाफा ह्या रोपांनीं भरून गेला होता. लागोपाठ तीन रविवार आम्ही त्यांच्या अंगणांत खुरपें घेऊन बसलों. तिसऱ्या रविवारीं आजींनीं चहा दिला, तेव्हां कोठें आमच्या जिवांत जीव आला.

वांग्यांचें काय झालें, असें वाचक विचारतील. मुळांवरील गांठी कमी झाल्या, पण अजिबात गेल्या नाहींत. तेव्हां रानझेंडू अवश्य लावावा. परंतु पहिलें फूल दिसतांच विळा हातीं घ्यावा. आपल्या वाफ्याचें औषध शेजाऱ्याच्या वाफ्याचा रोग होऊं नये, एवढी काळजी बागवानानें घेतलीच पाहिजे.