सातांतले सहा चुकले, तर चुकले कोण?

लखनौच्या मराठी मंडळींनो, पुष्पकने मुंबई-लखनौ ये-जा करणाऱ्या प्रवाशांनो!

रेल्वेचे काय बिघडले आहे हे तुम्हाला सांगायला नको. रखडणाऱ्या गाड्या, कोंबलेले जनरल डबे हे सगळे तुम्ही आमच्याइतकेच भोगता. या पत्रकाला त्यातले काही उगाळायचे नाही. आमचे भांडण एकाच सवयीशी आहे: अपघात झाला की तपास सुरू व्हायच्या आत चालकाच्या नावाने पावती फाडायची.

१७ जून २०२४. सकाळी नऊच्या सुमारास पश्चिम बंगालात रंगापानीजवळ एक मालगाडी कांचनजंगा एक्स्प्रेसवर मागून आदळली. किमान दहा माणसे गेली, त्यांत मालगाडीचा चालकही होता. त्याच दिवशी निकाल जाहीर झाला: चालकाने सिग्नल मानला नाही. ज्याने खुलासा करायचा तो शवागारात. त्याच्या सहायकालाही आधी मृत ठरवून टाकले होते. तो दवाखान्यात जिवंत सापडला. कोण मेले आणि कोण जगले याचा पत्ता नव्हता, पण चूक कोणाची हे मात्र पक्के ठाऊक होते!

आता शांतपणे पाहू. त्या दिवशी पहाटेपासून तिथली स्वयंचलित सिग्नल यंत्रणा बंद पडली होती. म्हणून चालकांच्या हाती ‘टी/ए ९१२’ नावाचा कागद दिला जात होता. पुढचे लाल सिग्नल ओलांडायला ही परवानगी, असा त्याचा अर्थ. वेग किती ठेवायचा? त्याबद्दल कागदावर अवाक्षर नव्हते. बिघडलेल्या प्रत्येक सिग्नलपाशी मिनिटभर थांबायचे आणि ताशी १५ किलोमीटरच्या वर जायचे नाही, ही अपेक्षा होती. रेल्वे सुरक्षा आयुक्तांच्या चौकशीत निघाले ते असे: हा कागद घेऊन त्या सकाळी सात गाड्या त्या टप्प्यात शिरल्या. अपेक्षेप्रमाणे चालली ती एकटी कांचनजंगा. बाकी सहा चालकांनी आपापल्या समजुतीने गाडी हाकली. त्यांतले पाच सुखरूप पोचले. सहाव्याच्या पुढे नेमकी नियमाने हळू चाललेली कांचनजंगा आली.

सात जणांच्या वर्गात सहा मुले एकाच गणितात नापास झाली, तर शहाणा मुख्याध्यापक आधी प्रश्नपत्रिका मागवतो. इथे प्रश्नपत्रिका कपाटात गेली आणि मेलेल्या मुलाला छडी मिळाली. अपुऱ्या माहितीचा चुकीचा कागद दिला जात असताना असा अपघात कधीतरी होणारच होता, या अर्थाचे पुढे खुद्द चौकशी अहवालाने म्हटले. पण तोवर बातमी शिळी झाली होती.

दुसरे उदाहरण तर आपल्या शहराला चिकटलेले आहे. २९ ऑक्टोबर २०२३ रोजी आपल्या एकाना मैदानावर भारत-इंग्लंड विश्वचषकाचा सामना चालू असताना आंध्रात कंटकापल्लीजवळ एका पॅसेंजरने दुसरीला मागून धडक दिली. १४ माणसे मेली, धडक देणाऱ्या गाडीचे दोन्ही चालक त्यांत होते. काही महिन्यांनी जाहीर सांगण्यात आले, की चालक मोबाइलवर क्रिकेट पाहत होते. नंतर फोनच्या नोंदी तपासल्या, तर त्या वेळी इंटरनेट वापरल्याचे काही निघाले नाही. मेलेल्या माणसाला क्रिकेटचे वेड लावणे किती सोपे!

यावर नेहमीचे उत्तर ठरलेले आहे: ‘कवच’ ही टक्कर टाळणारी यंत्रणा येते आहे, मग माणसाच्या चुकीचा प्रश्नच उरणार नाही. कवच चांगले आहे, आमचा त्याला पाठिंबा आहे. त्याची मानके आपल्याच मानकनगरात, आरडीएसओ या रेल्वेच्या संशोधन संस्थेत ठरली. चालकाने लाल सिग्नल ओलांडला तर ते ब्रेक लावते. पण त्याच्या चाचण्या २०१६ मध्ये सुरू झाल्या आणि रंगापानीचा अपघात झाला तेव्हा देशातल्या सुमारे ६८,००० किलोमीटर मार्गांपैकी १,४६५ किलोमीटरवर ते बसले होते. म्हणजे शंभरात दोन. उरलेल्या अठ्ठ्याण्णवांत कवच म्हणजे चालकाचे डोळे. आणि त्या डोळ्यांची काळजी कशी घेतली जाते, ते बघा.

इंजिनात दक्षता यंत्र असते. चालकाने साधारण मिनिटभर काहीच हालचाल केली नाही, तर आधी दिवा लागतो, मग बझर वाजतो, तरीही बटण दाबले नाही तर ब्रेक लागतो. हे यंत्र हात मोजते, जाग मोजत नाही. पहाटे तीनला, सातव्या-आठव्या तासाला, अर्धवट झोपेतला अंगठाही बटण शोधतो. यंत्राच्या लेखी तो माणूस ठणठणीत जागा असतो. आपोआप चालणारी यंत्रणा माणसाचे काम संपवत नाही, उलट सगळ्यांत अवघड क्षण त्याच्या पदरात टाकते, हे लिझान बेनब्रिज या ब्रिटिश संशोधिकेने १९८३ मध्येच लिहून ठेवले आहे. रंगापानीत हेच झाले. सिग्नल आपोआप चालत होते तोवर सगळे सुरळीत. ते बंद पडताच सारा भार एका कागदावर आणि एका माणसावर.

एप्रिल २०२५ मध्ये वरून निर्णय आला: चालकांना जेवणासाठी आणि लघवी-शौचासाठी ठरावीक सुट्टीचा नियम करणे व्यवहार्य नाही. त्याच दमात हेही सांगण्यात आले, की इंजिनात त्यांचा आवाज आणि चेहरा टिपणारे कॅमेरे बसवल्याने खासगीपणाचा भंग होत नाही. लघवीला वेळ नाही. ती दाबून बसलेला चेहरा टिपायला मात्र कॅमेरा आहे! देशातल्या पहिल्या महिला रेल्वेचालक, साताऱ्याच्या सुरेखा यादव तीन दशकांहून जास्त काळ इंजिन चालवून २०२५ मध्ये निवृत्त झाल्या, तरी बहुतेक जुन्या इंजिनांत शौचालय नाही.

‘विमानातही रेकॉर्डर असतो’, असे एक सद्गृहस्थ ऐकवतात. असतो. विमानात शौचालयही असते, आणि वैमानिकाला बसल्या जागी जेवण मिळते. तेही द्या, मग कॅमेऱ्यावर बोलू. ‘पूर्वीचे ड्रायव्हर वाफेच्या इंजिनावर उभे राहून गाडी मारत, कुरकुरत नव्हते’, हे दुसरे. ते कुरकुरत होते. ऐकायला तुम्ही फुटप्लेटवर नव्हता. ‘मग चालक कधी चुकतच नाही का?’ चुकतो. म्हणूनच तर विचारायचे, की का चुकला. स्कॉटलंडमध्ये १९९६ पासून रेल्वे कर्मचाऱ्यांनी आपली चूक, आपली झोप, आपली भीती नाव गुप्त ठेवून कळवावी अशी व्यवस्था सुरू झाली. पुढे ती ब्रिटनभर पसरली. आपल्याकडे लाल सिग्नल ओलांडल्याचे कबूल करणाऱ्याची नोकरी जाऊ शकते. मग कोण कशाला तोंड उघडेल?

पुढचा अपघात झाला आणि संध्याकाळच्या बातम्यांत ‘चालकाची चूक’ ऐकलेत, तर चार गोष्टी लेखी विचारा: तो किती तास ड्युटीवर होता? लागोपाठ कितवी रात्र होती? हातात कोणता कागद होता? त्या मार्गावर कवच होते का? पत्र वर्तमानपत्राला लिहा, खासदारालाही लिहा. पोस्टकार्ड अजून पन्नास पैशांनाच मिळते.