आधी यंत्र, मागाहून कायदा

२९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावात देशातील पहिले आधार क्रमांक समारंभपूर्वक वाटण्यात आले. समारंभाला पंतप्रधान उपस्थित होते. कायदा मात्र नव्हता. तो संमत झाला मार्च २०१६ मध्ये. दरम्यान कोट्यवधी नागरिकांच्या बोटांचे ठसे केवळ प्रशासकीय आदेशाच्या बळावर गोळा झाले. डिसेंबर २०११ मध्ये संसदेच्या अर्थविषयक स्थायी समितीने त्या वेळचे विधेयक अस्वीकारार्ह ठरविले, तरी नोंदणी थांबली नाही. अखेर कायदा आला तोही धनविधेयकाच्या वाटेने. त्यामुळे राज्यसभेच्या दुरुस्त्या लोकसभेला सहज बाजूला सारता आल्या. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक अशा बहुमताने हा कायदा बव्हंशी उचलून धरला. न्या. धनंजय चंद्रचूड यांनी मात्र या वाटेलाच घटनेची प्रतारणा म्हटले.

बोगस शिधापत्रिका आणि मधल्या हातांची गळती हे खरे रोग होते, हे नाकारून चालणार नाही. परंतु कोणत्याही तंत्राचा हिशेब मांडताना अर्थशास्त्राने एक प्रश्न विचारलाच पाहिजे : लाभ कोणाच्या पदरात पडतो आणि चुकीची किंमत कोण मोजतो? समजा, शंभरात एकाच वेळी यंत्राला ठसा ओळखता आला नाही. पन्नास हजार शिधापत्रिकांच्या तालुक्यात ही पाचशे कुटुंबे झाली. त्यांतही झिजलेली बोटे असतात ती गवंड्याची, शेतमजुराची, वृद्धेची, कारकुनाची नव्हेत. अशा वेळी पर्यायी ओळख पाहून धान्य द्यावे, असे आदेश आहेत. पण तो आदेश दुकानदाराला दाखवून देण्याचे ओझे पडते ते ज्याला तो वाचताही येत नाही त्याच्यावर!

आता चेहरा ओळखणारी यंत्रे आणि कृत्रिम बुद्धिमत्ता शासनाच्या दारात उभी आहेत. टेंभलीचा क्रम पुन्हा गिरवायचा का, हा खरा प्रश्न आहे. नागरिकाचा हक्क यंत्राच्या निर्णयावर सोपविण्यापूर्वी दोन्ही सभागृहांत त्याची चर्चा झाली पाहिजे. आणि यंत्र चुकल्यास हक्क आधी मिळावा, चौकशी मागाहून व्हावी, अशी तरतूद कायद्यातच हवी. नकार देण्याची सोय उरली नाही म्हणजे मागितलेली संमती ही संमती नव्हे. लोकशाहीत यंत्राने माणसाची ओळख पटविण्याआधी माणसांनी यंत्राची परीक्षा घ्यावयाची असते.