लागणे आणि लावणे

मराठीत नोकरी 'लागते'. पाऊस लागतो, नजर लागते, लॉटरी लागते, तशीच नोकरीही लागते. या क्रियापदात कर्त्याचा पत्ता नसतो. जे काही घडते ते वरून, आपोआप घडते. पण गावाच्या पारावर घटकाभर बसून कान देऊन ऐकले, तर याच क्रियापदाचे दुसरे रूप ऐकू येते. 'त्याच्या मामानं त्याला कंपनीत लावून दिलं.' येथे कर्ता ठळक आहे, त्याला नाव आहे, नाते आहे. आमच्या जालना जिल्ह्यातील शिकलेली पिढी पहिल्या रूपावर विसंबून बसली आहे. खासगी क्षेत्रातले काम मात्र बव्हंशी दुसऱ्या रूपाने मिळते. या दोहोंच्या मधल्या फटीत पोरांची पाच-पाच, सात-सात वर्षे गळून जात आहेत.

भोकरदनला जा, मंठ्याला जा, नाहीतर जालन्यात एखाद्या महाविद्यालयाच्या फाटकासमोर उभे राहा. झेरॉक्सच्या दुकानातच ऑनलाइन अर्ज भरून देणारा बसलेला असतो आणि त्याच्यासमोर रांग असते. फोटो, सही, अंगठा, जातीचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, फी. २०२३ च्या तलाठी भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले. खुल्या प्रवर्गाला एक हजार रुपये आणि राखीव प्रवर्गाला नऊशे रुपये फी होती. सोयाबीनच्या एका पोत्याचा केवढा भाग तिथे गेला, याचा हिशेब ज्याचा त्याने करावा. सरकारी भरतीत निदान हॉलतिकीट तरी येते. खासगी कंपन्यांच्या संकेतस्थळांवर पाठवलेल्या अर्जाला बहुधा नकारसुद्धा येत नाही. विहिरीत दगड टाकावा आणि पाण्याचा आवाजही येऊ नये, तसे ते असते. शंभर अर्ज करून झालेला पदवीधर हळूहळू स्वतःलाच नालायक समजू लागतो, आणि मला खरी चिंता त्याची वाटते.

याच जिल्ह्यात अर्ज हा शब्दही न उच्चारता हजारो माणसे कामाला लागतात, हे मात्र आपण विसरतो. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतून दरसाल ऊसतोडीला टोळ्या जातात. मुकादम पावसाळ्यातच उचल देऊन जातो, नवरा-बायकोचा एक 'कोयता' धरतो आणि दिवाळीच्या सुमारास ट्रॅक्टर भरतो. कोणत्या कारखान्यावर किती कोयते लागतील, कोणाचे हात चालतात, कोण अर्ध्यातून पळून येतो, हे सारे त्या एका माणसाच्या डोक्यात असते. ही व्यवस्था गोड आहे असे मी म्हणत नाही. उचल फिटली नाही की पुढचा हंगामही त्याच मुकादमाचा, आणि पोरांच्या शाळेची राखरांगोळी. पण काम आणि माणूस यांची गाठ घालणारा कोणीतरी तिथे आहे, एवढे खरे.

दुसरे उदाहरण औद्योगिक वसाहतीतले. जालन्याच्या लोखंडाच्या रोलिंग मिलमध्ये भट्टीपाशी उभा असलेला माणूस पुष्कळदा बिहारचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. त्याला कोणी आणले? आधी आलेल्या मेहुण्याने, नाहीतर गाववाल्या ठेकेदाराने. मिलमधली एक जागा रिकामी झाल्याची बातमी हजार किलोमीटरवरच्या खेड्यात पोहोचते आणि मिलपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या पदवीधराला तिचा पत्ता नसतो. आमची पोरे भट्टीपाशी उभी राहणार नाहीत, हे मान्य. पण त्याच मिलला वजनकाट्यावर कारकून लागतो, प्रयोगशाळेत रसायनाचा पदवीधर लागतो, इलेक्ट्रिशियन लागतो, हिशेबनीस लागतो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे 'महिको' उभी केली. तेव्हापासून बियाण्यांच्या व्यवसायाने या गावात मूळ धरले आहे. शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन बीजोत्पादनाचे प्लॉट तपासणारी माणसे त्या व्यवसायाला हवी असतात. अशा जागांची जाहिरात क्वचितच निघते. मालक मुनिमाला विचारतो, मुनीम ओळखीच्या दोघांना विचारतो आणि संध्याकाळी जागा भरलेली असते. जाहिरात द्यायची, पाचशे अर्ज वाचायचे आणि तरी माणूस कसा निघेल याची खात्री नाही, त्यापेक्षा हे स्वस्त आणि भरवशाचे.

हे केवळ आपल्या मागासलेपणाचे लक्षण आहे, असे कोणी समजू नये. अमेरिकेतील समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी बोस्टनजवळच्या न्यूटन या गावात नोकरी बदललेल्या सुशिक्षित पुरुषांची पाहणी केली. तिच्यावरचे त्यांचे पुस्तक १९७४ साली निघाले. त्यांच्या नमुन्यातल्या ५६ टक्के लोकांना नोकरीची खबर ओळखीपाळखीतून मिळाली होती. इथपर्यंत नवल नाही. नवल पुढेच आहे. ज्यांच्याकडून खबर मिळाली ती माणसे जिवलग नव्हती. वारंवार भेटणाऱ्या माणसाकडून नोकरी कळलेले जेमतेम १७ टक्के. बाकी सर्वांना अधूनमधून किंवा क्वचितच भेटणाऱ्या माणसाने खबर दिली होती. कारण सोपे आहे. आपले जिवलग आपल्याच पारावर बसलेले असतात. जे आपल्याला ठाऊक तेच त्यांना. नवी बातमी येते ती दुसऱ्या पारावरच्या माणसाकडून. २०२२ साली 'सायन्स' या नियतकालिकात 'लिंक्डइन'वरच्या दोन कोटी लोकांवरील प्रयोगाचा निष्कर्ष छापून आला. तोही याच दिशेने बोट दाखवतो: अगदी घट्ट ओळखीपेक्षा जरा सैल ओळख नोकरी मिळवण्यास अधिक उपयोगी पडते.

आमच्या मुलांचे घोडे इथेच पेंड खाते. त्यांच्याकडे घट्ट नात्यांची श्रीमंती आहे. मामा, चुलते, भावकी, सोयरे, सगळे आहेत. पण ते सगळे शेती करणारे, आणि ज्याच्या आधारे दुसऱ्या पारावर जावे अशी सैल ओळख नाही. वाळूजच्या किंवा चाकणच्या कारखान्यात काम करणारा वर्गमित्र असतो, पण त्याला विचारायची लाज वाटते. 'वशिला लावला असं म्हणतील ना काका!' असे एक मुलगा मला म्हणाला.

त्याची लाज अनाठायी नाही, आणि हा मुद्दा घाईने ओलांडून जाण्यासारखा नाही. ओळखीने नोकरी देणे म्हणजे ज्याला ओळख नाही त्याला दाराबाहेर ठेवणे. महाराष्ट्राने हे मुंबईच्या कापड गिरण्यांत पाहिले आहे. तिथे जॉबर आपल्या गावची, आपल्या नात्याची, आपल्या जातीची माणसे भरत असे. विणकाम खात्यात पगार अधिक, पण तुटलेला धागा तोंडाने ओढावा लागे म्हणून 'विटाळा'च्या नावाखाली दलित कामगारांना त्या खात्यात शिरू दिले जात नसे. १९२८ च्या संपाच्या वेळी डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न ठणकावून मांडला होता. म्हणूनच स्वतंत्र भारतात लेखी परीक्षा आणि गुणवत्ता यादी यांना एवढे महत्त्व आले, आणि ते रास्तच होते. मी स्वतः ऐंशीच्या दशकात परीक्षा देऊन बँकेत लागलो. माझ्या घराण्यात कोणाच्या शब्दाला वजन नव्हते. माझा शब्द टाकला तो उत्तरपत्रिकेने. त्यामुळे परीक्षेच्या पद्धतीला नावे ठेवणे मला जमणार नाही. सरकारी नोकरी परीक्षेनेच मिळावी आणि तिथे कोणाचीही चिठ्ठी चालू नये.

पण सगळ्या नोकऱ्या सरकारी नाहीत. खासगी दुकान, कारखाना, दवाखाना, शिक्षणसंस्था यांच्या दाराशी परीक्षेचा नियम लावून उभे राहिले तर दार उघडत नाही. तिथे वशिला आणि ओळख यांतला फरक शिकवावा लागेल. नालायकाला जागा द्यायला लावतो तो वशिला. लायक माणूस जागेपर्यंत पोहोचवते ती ओळख. 'याला घ्या' हा वशिला झाला. 'याचे काम मी पाहिले आहे, एकदा भेटून पाहा' ही ओळख. दुसऱ्या वाक्यात बोलणारा आपली पत गहाण ठेवतो. बँकेत जामीनदाराची सही घेताना आम्ही हेच पाहत असू.

ओळख नसली की माणूस दलालाच्या हाती सापडतो. शाखेत असताना मी सोनेतारणाचे कितीतरी अर्ज पाहिले, ज्यांत कारण 'शेतीखर्च' असे लिहिलेले असे आणि बाई हळूच सांगे, 'पोराला रेल्वेत लावून देणारा एक जण भेटला साहेब.' पाटल्या सुटल्या नाहीत आणि रेल्वेही आली नाही. म्हणून एक गोष्ट प्रत्येक घरात माहीत हवी. कंपन्यांसाठी माणसे शोधून देणाऱ्या रीतसर संस्था असतात. त्यांचे शुल्क कंपनी भरते, उमेदवार नाही. पुष्कळदा ते निवडलेल्या माणसाच्या वार्षिक पगाराच्या काही टक्के असते. म्हणजे योग्य माणूस मिळण्यात त्यांचा स्वतःचा फायदा असतो. अशा संस्थेच्या माणसाला आपली माहिती जरूर द्यावी, अधूनमधून आठवण करावी. पण जो नोकरीसाठी तुमच्याकडेच पैसे मागतो, त्याला चहा पाजून वाटेला लावावे. चहाही न पाजला तरी चालेल!

ज्याला मामा नाही त्याचा मामा सरकारने व्हावे, अशी एक कल्पना आपल्याकडे होती. सेवायोजन कार्यालय ते हेच. १९५९ च्या कायद्याने २५ किंवा अधिक माणसे असलेल्या खासगी आस्थापनांनाही रिकाम्या जागा तिथे कळवणे बंधनकारक केले. भरती तिथूनच करावी अशी सक्ती मात्र नव्हती. आमच्या पिढीत ते कार्ड जपून ट्रंकेत ठेवले जाई. पुढे १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने सरकारी जागांची वृत्तपत्रांतूनही जाहिरात द्यावी असा निर्णय दिला. तो न्याय्यच होता, पण कार्डाचे मोल उतरले. आता तेच काम संकेतस्थळावर गेले आहे, म्हणजे पुन्हा विहीर आणि दगड. त्यापेक्षा १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा मला अधिक कामाचा वाटतो. आयटीआयचा मुलगा वर्षभर कारखान्यात राबतो तेव्हा तिथल्या फोरमनला त्याचे हात दिसतात. त्या मुलाला भावकीबाहेरचा, त्याचे काम पाहिलेला एक माणूस मिळतो. साध्या बी.ए., बी.कॉम.च्या मुलाला हे का मिळू नये? सुट्टीत दोन महिने अडत दुकानात, जिनिंगमध्ये, हिशेबतपासनिसाच्या कचेरीत बसवायला महाविद्यालयांना कोणी अडवलेले नाही.

आणि आम्ही निवृत्त मंडळी? शिक्षक, बँकवाले, वीज मंडळाचे, एसटीचे. आमच्या डायऱ्यांत चाळीस वर्षांचे फोन नंबर आहेत. ते आपल्या पुतण्या-भाच्यांपुरते वापरले तर तो जुना जॉबरच झाला. भावकीबाहेरच्या, जातीबाहेरच्या, विशेषतः ज्या घरात पहिलीच मुलगी पदवीधर झाली आहे त्या घरासाठी शब्द टाकला, तर त्या नंबरांचे काही चीज होईल.

तो लाजणारा मुलगा शेवटी मला म्हणाला, 'काका, फोन करून बोलू काय? नोकरी आहे का असं विचारू?' मी म्हटले, तसे विचारू नकोस. त्याला 'नाही' एवढेच उत्तर असते. असे म्हण: 'दादा, मी बी.कॉम. झालोय, टॅली येतं, सहा महिने अडतीवर हिशेब लिहिलाय. तुमच्याकडं असं काम कोण बघतं, त्यांना कधी भेटता येईल?' एवढे बोलायला दोन मिनिटे लागतात. समोरचा माणूस बहुधा एखादे नाव सांगतो. त्या नावाला फोन करायचा, आणि आधीच्या माणसाला काय झाले ते कळवायचे.