मने जुळतात कुठे, तोडली जातात कुठे? नांदेडच्या खुनानंतर कापूरहोळच्या फाट्यावरून

२७ नोव्हेंबर २०२५. संविधान दिनाच्या दुसऱ्याच दिवशी नांदेड शहरात एका बौद्ध तरुणाचा खून झाला. त्याचे ज्या मुलीवर प्रेम होते, तिच्याच वडिलांना आणि भावांना पोलिसांनी या प्रकरणी अटक केली. अंत्यविधीपूर्वी त्या मुलीने त्याच्या मृतदेहाला हळद लावली, स्वतःच्या कपाळी कुंकू भरले आणि यापुढे आपण त्याच्या आईवडिलांच्या घरी सून म्हणून राहणार असे जाहीर केले. हे दृश्य मोबाइलवरून देशभर फिरले. निषेध झाले, मोर्चे निघाले, कॅमेरे आले आणि गेले. गुन्हा कोणी केला हे न्यायालय ठरवेल. आम्हाला या घटनेतल्या एका लहानशा तपशिलाविषयी बोलायचे आहे.

बातम्यांनुसार या दोघांची ओळख मुलीच्या भावांमुळेच झाली. तरुणाचे त्या घरी येणे-जाणे होते. म्हणजे मित्र म्हणून तो चालत होता. उंबरा ओलांडून आत येणे चालत होते. नाते जोडायचे म्हटल्यावर मात्र जात आडवी आली. जातिव्यवस्थेची खरी सीमारेषा नेमकी कुठे आहे, हे या एका तपशिलातून जितके कळते तितके अनेक भाषणांतून कळत नाही.

बाबासाहेबांनी ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात हेच सांगितले होते. जातीचे सार सोवळ्या-ओवळ्यात शोधू नका, ते जातीतल्या जातीत लग्न करण्याच्या सक्तीत आहे, असे त्यांचे प्रतिपादन होते. पुढे १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये सहभोजनापेक्षा आंतरजातीय विवाहाला त्यांनी खरा उपाय मानले. आज नांदेडच काय, आमच्या भोर-वेल्ह्यातही एका ताटात जेवणारे मित्र भरपूर सापडतील. पण जेवण आणि लग्न यांच्यामधली भिंत अजून उभी आहे.

अंतर आधी आखले गेले

कोण कोणाला आवडते, याचा अभ्यास समाजमानसशास्त्राने बराच केला आहे. लिऑन फेस्टिंजर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५० मध्ये अमेरिकेतील एमआयटी या संस्थेच्या विद्यार्थी-वसाहतीतील कुटुंबांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मैत्री कोणाशी झाली? बहुतेकांची शेजारच्या दाराशी. जिन्याजवळ किंवा टपालपेट्यांजवळ राहणाऱ्यांना जास्त मित्र मिळाले, कारण सगळ्यांची ये-जा तिथून होती. रॉबर्ट झायोन्स यांनी १९६८ मध्ये दाखवले की एखादी गोष्ट पुन्हा पुन्हा नजरेसमोर आली तरी तिच्याविषयीची आवड वाढते. मोठी कारणे नंतर येतात. आधी दोन माणसे एकमेकांच्या वाटेत यावी लागतात.

आता आपल्या गावाचा नकाशा डोळ्यासमोर आणा. आपली वस्ती गावाच्या कडेला, पाणवठा वेगळा, स्मशान वेगळे, देवळात जाणे नाही. हे सगळे विटाळाच्या नावाखाली झाले, पण त्याचा एक परिणाम असाही होता की दोन जातींची तरुण माणसे बरोबरीने, निवांत, पुन्हा पुन्हा भेटूच नयेत. शेतात भेट व्हायची ती मालक आणि मजूर म्हणून. आकर्षण निर्माण होण्याआधीच त्याची जागा काढून घेतलेली होती.

तो नकाशा आता मोडतो आहे, आणि तो मोडताना बघायचा असेल तर कापूरहोळला यावे. पुणे-सातारा महामार्गावरून भोरकडे जाणारा रस्ता इथे फुटतो, नारायणपूर-सासवडकडे जाणाराही इथूनच. सकाळी भोरच्या कॉलेजला जाणारी मुले-मुली, शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत पाळीला निघालेले तरुण, पुण्याला नोकरीला जाणाऱ्या बायका, बालाजीच्या दर्शनाला आलेले लोक, सगळे एकाच फाट्यावर एसटीची किंवा वडापची वाट पाहतात. कडेवरच्या वस्तीतली मुलगी आणि गावठाणातला मुलगा रोज एकाच गाडीत उभे असतात. कंपनीच्या लाइनवर शेजारी-शेजारी काम करतात. हातात मोबाइल आहेच. फेस्टिंजर यांच्या वसाहतीतला जिना आमच्याकडे हा फाटा आहे.

मग मने जुळली तर त्यात नवल काय? नवल आहे ते घरच्यांच्या धक्क्याचे. मुलीने शिकावे, कमवावे, गाडीने जावे-यावे हे मान्य झाले, पण त्या वाटेवर तिला माणसे भेटणार हे कोणी धरलेच नव्हते.

याच कापूरहोळला आणखी एक ओळख आहे. १६५७ मध्ये पुरंदरावर जन्मलेल्या शंभूराजांना दूध पाजणाऱ्या धाराऊ गाडे या गावच्या. गाव त्यांचे नाव अभिमानाने घेते, घ्यायलाच हवे. रक्ताचे नाते नसताना सांभाळातून, सहवासातून किती घट्ट नाते तयार होते, याचा हा आपल्याच मातीतला दाखला आहे. नाते रक्तावर ठरत नाही, हे गावाला मुळात ठाऊक आहे. लग्नाच्या वेळी ते विसरले जाते.

‘आपल्यातले’ म्हणजे कोण?

जवळ येणे ही पहिली पायरी. दुसरी सारखेपणाची. डॉन बर्न यांच्या १९६० च्या दशकातील प्रयोगांतून दिसले की ज्याची मते आपल्यासारखी, तो माणूस आपल्याला अधिक आवडतो. घरचे लोक हाच मुद्दा वेगळ्या शब्दांत मांडतात : ‘आपल्यातलीच बघ, जुळवून घेणे सोपे जाते.’

प्रश्न असा की सारखेपणा कशात मोजायचा? संशोधनात मोजली गेली ती मते आणि मूल्ये. आपल्या बायोडाटात मोजले जाते ते आडनाव, पोटजात, उंची, रंग आणि पगाराचे पॅकेज. एकाच जातीतली दोन माणसे पैसा, मुलीचे शिक्षण, दारू, मारझोड, आईवडिलांची जबाबदारी यांविषयी टोकाची वेगळी मते बाळगू शकतात. आणि वेगळ्या जातीतली, एकाच कंपनीत घाम गाळणारी दोन माणसे या सगळ्यांवर एकमताची असू शकतात. जात हा सारखेपणाचा पुरावा नाही.

तरीही २०११-१२ च्या भारत मानव विकास सर्वेक्षणानुसार देशातील आंतरजातीय विवाहांचे प्रमाण सुमारे ५ टक्केच होते. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी बंगाली वृत्तपत्रातील विवाहविषयक जाहिराती अभ्यासून २०१३ मध्ये शोधनिबंध प्रसिद्ध केला. शिकलेली मध्यमवर्गीय कुटुंबेसुद्धा स्वजातीच्या स्थळाला फार मोठे झुकते माप देतात, असे त्यात दिसले. शिक्षण वाढले की जात आपोआप गळून पडेल, या समजुतीवर विसंबून चालणार नाही.

विरोधाने प्रेम वाढते का?

१९७२ मध्ये अमेरिकेतील संशोधकांनी एक निष्कर्ष मांडला : आईवडील जितका अडथळा आणतात तितके प्रेम घट्ट होते. त्याला ‘रोमिओ-ज्युलिएट परिणाम’ असे नाव पडले. आपल्या सिनेमांनाही हे गणित फार आवडते. पण २०१४ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी हाच अभ्यास पुन्हा केला तेव्हा तो निष्कर्ष टिकला नाही. घरच्यांचा आणि मित्रांचा पाठिंबा असलेली नातीच अधिक टिकाऊ दिसली.

आमच्या कामातला अनुभव याच्याशी जुळतो. विरोधामुळे प्रेम वाढत नाही, घाई वाढते. एरवी दोन वर्षे एकमेकांना ओळखून घेतली असती अशी जोडपी चार दिवसांत निर्णय घेतात, कारण मुलीचा मोबाइल काढून घेतलेला असतो आणि स्थळे पाहणे सुरू झालेले असते. पळून गेल्यावर खोलीचे भाडे, सुटलेली नोकरी, तुटलेली मैत्री हे सगळे एकदम अंगावर येते. पुढे खटके उडाले की गाव म्हणते, ‘बघा, आंतरजातीय लग्ने टिकत नाहीत.’ आधी आधार काढून घ्यायचा आणि मग पडझडीला जात जबाबदार धरायची, असा हा प्रकार आहे.

जिथे घाईही करू दिली जात नाही तिथे खून होतो. १ जानेवारी २०१३ च्या सोनई हत्याकांडात तीन मेहतर तरुण मारले गेले. नाशिकच्या न्यायालयाने जानेवारी २०१८ मध्ये सहा जणांना फाशीची शिक्षा सुनावली. २८ एप्रिल २०१४ रोजी अहमदनगर जिल्ह्यातील खर्डा येथे सवर्ण मुलीशी बोलल्याच्या संशयावरून एका दलित विद्यार्थ्याचा खून झाला. त्या खटल्यात २०१७ मध्ये सर्व आरोपी निर्दोष सुटले. २०१६ मध्ये ‘सैराट’ पाहून रडलेला महाराष्ट्र तोच, आणि हा महाराष्ट्रही तोच.

या खुनांमागे रागाइतकाच हिशेबही असतो. मुलीच्या निवडीने घराची पत गावात घसरते, धाकट्या बहिणीचे लग्न अडते, भावकीत मान खाली जाते, हा तो हिशेब. म्हणून एकट्या बापाचे मन वळवून भागत नाही. त्याच्याभोवतीच्या भावकीने आणि गावाने त्याला तसा हिशेब करायला लावणे थांबवले पाहिजे.

होकाराचा प्रश्न

इथे आपल्या मुलांशीही स्पष्ट बोलले पाहिजे. आकर्षण वाटणे म्हणजे प्रेम नव्हे, आणि एकाला वाटणे म्हणजे दोघांना वाटणे नव्हे. रोज फाट्यावर दिसते म्हणून मुलीने हो म्हटलेच पाहिजे असे नाही. मागे लागणे, नंबर मिळवणे, स्टेटस टाकणे हा त्रासच आहे, मग तो देणारा कोणत्याही जातीचा असो. मुलगी अठरा वर्षांखालची असेल तर तिच्या संमतीला कायद्यात अर्थ नाही, पोक्सो लागतो. लग्नासाठी मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा असावाच लागतो. थांबणे, शिकणे, पायावर उभे राहणे यात प्रेम कमी होत नाही.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’मध्ये बाबासाहेबांनी आनंद आणि चांडाळकन्या प्रकृती यांची कथा दिली आहे. तिच्या हातचे पाणी पिताना आनंदाने जात पाहिली नाही. तिला त्याच्याविषयी ओढ वाटली, ती त्याला शक्य नव्हती. बुद्धांनी तिला धमकावले नाही, लाजवले नाही, तिच्याशी बोलले. जात न पाहणे, नकाराचा मान राखणे आणि ओढ वाटलेल्या माणसाची अप्रतिष्ठा न करणे, या तिन्ही गोष्टी त्या एका कथेत आहेत.

आपल्या घरातला आरसा

नांदेडनंतर आपण रस्त्यावर उतरलो, ते योग्यच होते. पण आपल्या वधू-वर मेळाव्यांतले अर्ज एकदा वाचून बघावेत. पोटजातीचा रकाना अजून दिसतो. ‘गोरी, नोकरी करणारी, गृहकृत्यदक्ष’ हे शब्द दिसतात. बौद्ध मुलाने सवर्ण मुलीशी लग्न केले की काही जण छाती फुगवतात, आपल्या मुलीने मातंग किंवा चर्मकार मुलगा निवडला की तेच लोक गप्प होतात. मुलीची निवड आणि मुलाची निवड यांना आपण वेगवेगळी मापे लावतो. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या समाजाला हे शोभत नाही.

आणि जी मुलगी सगळे सोडून आपल्या वस्तीत येते तिचे काय? पहिल्या महिन्यात सत्कार, हार, फोटो. सहाव्या महिन्यात ती एकटी. माहेर तुटलेले, वस्तीत मैत्रीण नाही, सणावाराला काय करायचे कळत नाही, सासूशी खटका उडाला तर जायला जागा नाही. तिला आपल्या चळवळीच्या विजयाचे चिन्ह करू नये. तिला रविवारी विहारात शेजारी बसणारी, दवाखान्यात सोबत येणारी एक बाई मिळाली तरी पुष्कळ आहे.

कायदा हातात काय देतो

माहितीअभावी जोडपी फसतात, म्हणून थोडक्यात. विशेष विवाह कायदा १९५४ नुसार लग्न करायचे तर ३० दिवसांची नोटीस लागते आणि ती लावली जाते. याच काळात घरच्यांना पत्ता लागतो. मात्र हिंदू विवाह कायदा १९५५ बौद्धांनाही लागू आहे. त्यामुळे बौद्ध आणि हिंदू जोडीदार बौद्ध पद्धतीने विवाह करून नोंदणी करू शकतात, त्यासाठी ३० दिवसांची नोटीस लागत नाही. राज्याच्या योजनेत पात्र आंतरजातीय जोडप्याला ५० हजार रुपये साहाय्य आहे, अर्ज जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण विभागाकडे करायचा. वाळीत टाकले तर २०१६ चा सामाजिक बहिष्कार प्रतिबंधक कायदा आहे.

सर्वोच्च न्यायालयाने २७ मार्च २०१८ रोजी शक्ती वाहिनी खटल्यात प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष आणि सुरक्षित निवारा यांबाबत निर्देश दिले. राज्याच्या गृह विभागाने त्यासाठीची कार्यपद्धती डिसेंबर २०२४ मध्ये काढली. मधल्या काळात, डिसेंबर २०२२ मध्ये, सरकारने अशा विवाहांची माहिती गोळा करणारी समिती नेमली होती. टीका झाल्यावर तिच्या नावातून ‘आंतरजातीय’ हा शब्द काही दिवसांतच वगळावा लागला. पाळत ठेवायला काही दिवस पुरले, संरक्षणाची पद्धत ठरवायला सहा वर्षे लागली.

आता तपासायचे ते इतकेच : कापूरहोळच्या फाट्यावर उभ्या असलेल्या एकोणीस वर्षांच्या मुलीला हा कक्ष कुठे आहे हे माहीत आहे का? एसटी थांब्यावर, कॉलेजच्या फलकावर, कंपनीच्या गेटवर तो क्रमांक लिहिलेला आहे का? तो लिहून मागणे हे आपले काम आहे. तालुक्यातल्या प्रत्येक ग्रामसभेत हा विषय मांडता येतो, प्रत्येक विहारात एका रविवारी त्यावर बोलता येते. संकटात ११२ आणि महिलांसाठी १८१ हे क्रमांक आजही चालू आहेत, ते आधी पाठ करून घ्यावेत.

गॉर्डन ऑलपोर्ट यांनी १९५४ मध्ये लिहिले होते की नुसत्या संपर्काने पूर्वग्रह जात नाहीत. भेट बरोबरीची हवी, काम सामाईक हवे आणि वरच्या संस्थांचा पाठिंबा हवा. एसटीने आणि कंपनीने आपल्या मुलांना एकत्र आणले आहे. बरोबरी आणि पाठिंबा द्यायचा आहे तो पोलिसांनी, ग्रामपंचायतीने, विहाराने आणि आपण, आईबापांनी. नांदेडची ती मुलगी ज्या घरी सून म्हणून गेली, तसे दार वेळेत उघडले असते तर तिला मृतदेहाला हळद लावावी लागली नसती.