डिगरी दुधाची आणि जलरेषा नावेची

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत घनता ही गोष्ट जितक्या काटेकोरपणे मोजली जाते, तितकी ती फार थोड्या मुलखांत मोजली जात असेल. गावोगावच्या संकलन केंद्रांवर दुधात लॅक्टोमीटर सोडला जातो आणि काचेची ती नळी किती बुडाली व किती वर राहिली यावरून ठरलेली ‘डिगरी’, फॅटच्या आकड्याशेजारी, उत्पादकाच्या नावावर रुजू होते. अठ्ठावीस डिगरी म्हणजे, पाण्याची घनता १ धरली असता, दुधाची १.०२८. पाणी मिसळले की हा आकडा उतरतो आणि साय काढून घेतली की चढतो, कारण स्निग्धांश पाण्याहून हलका असतो; सबब साय काढून मग बेताने पाणी घालणाऱ्याची लबाडी एकट्या लॅक्टोमीटरला उमगत नाही, त्याला फॅटच्या तपासणीची जोड द्यावी लागते, हे केंद्रावरचा कोणीही जाणता माणूस सांगेल. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर हा तर साखर कारखान्यांचा इलाखा. तेथे उसाच्या रसात सोडलेला ब्रिक्सचा मापकही हाच न्याय लावतो. रसात विरघळलेली साखर जितकी अधिक, तितका मापक वर.

ज्या समाजाच्या घामाचा मोबदला असा तिसऱ्या दशांशस्थळावर ठरतो, त्या समाजाने उजनीच्या पाण्यात माणसांनी भरलेली नाव लोटताना मात्र घनतेचा विचार मनास शिवू देऊ नये, ही विसंगती मला अत्यंत क्लेशकारक वाटते.

भीमेवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले, त्याचा यशवंतसागर जलाशय विस्तारला, आणि शतकानुशतके शेजारी नांदलेली इंदापूर व करमाळा तालुक्यांतील गावे एकमेकांस डोळ्यांनी दिसत असूनही पायांना दुरावली. रस्त्याचा लांबलचक वळसा टाळायचा तर नावेवाचून गत्यंतर उरले नाही. २१ मे २०२४ रोजी सायंकाळी कुगावहून कळाशीकडे निघालेली अशीच एक प्रवासी नाव वादळी वाऱ्यात सापडून उलटली. एक पोलीस अधिकारी पोहून तीरास लागले. सहा जण बुडाले, आणि त्यांत लहान मुले होती. पुढे शोधकार्यात ती नाव जलाशयाच्या तळाशी सापडली.

या शेवटच्या गोष्टीकडे मला वाचकांचे लक्ष वेधावयाचे आहे. वाऱ्याने नाव कलंडणे ही एक आपत्ती आणि कलंडलेली नाव तळ गाठणे ही दुसरी. पहिली टाळणे नेहमीच आपल्या हाती नसते, दुसरी मात्र बहुतांशी असते. लोखंड पाण्याच्या सुमारे पावणेआठ पट जड. तरीही पत्र्याची नाव तरंगते, कारण पत्रा आणि त्याच्या कुशीत कोंडलेली हवा यांची मिळून होणारी सरासरी घनता पाण्याहून कमी असते, आणि नावेने बाजूस सारलेल्या पाण्याचे वजन तिच्या एकूण वजनाइतके होताच ती स्थिरावते. आर्किमिडीजचा हा सिद्धांत माध्यमिक शाळेतील प्रत्येक मूल पाठ करते. परंतु हवेची जागा पाण्याने घेतली की ती सरासरी कोसळते, आणि उरतो तो केवळ पत्रा. फायबरची नावही या नियमास अपवाद नाही, कारण तो पदार्थसुद्धा पाण्याहून जडच. उपाय मात्र साधा आहे: बैठकीच्या फळ्यांखाली पाणी शिरणार नाही अशा बंदिस्त पोकळ्या ठेवणे किंवा तेथे फोम भरणे. एक घनमीटर बंदिस्त पोकळी जवळजवळ हजार किलो वजन तोलून धरते. अशी तजवीज असलेली नाव पाण्याने भरली, उलटली, तरी पृष्ठभागावर राहते, आणि बुडणाऱ्याच्या हाताला काहीतरी लागते.

दुसरी गोष्ट जलरेषेची. पाण्याच्या पातळीवर आठ चौरस मीटर जागा व्यापणारी नाव घेतली, तर साठ किलोची दहा माणसे चढताच ती साडेसात सेंटीमीटर खाली जाते. मागाहून चढणारा प्रत्येक माणूस आणि प्रत्येक पोते काठाची उंची थोडी थोडी हिरावून घेते. त्यात माणसे उभी राहिली की नावेचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि तिची सावरण्याची शक्ती घटते. इंग्लंडात सॅम्युएल प्लिम्सॉल यांच्या चळवळीमुळे १८७६ च्या कायद्याने जहाजांच्या अंगावर भाररेषा रंगवणे सक्तीचे झाले. समुद्राच्या पाण्याची घनता सुमारे १.०२५, म्हणून तेच जहाज गोड्या पाण्यात अधिक बुडते, एवढा बारकावाही आज त्या खुणांत दर्शविलेला असतो. उजनीतील नावेवर एक रेषा ओढण्यास रंगाचा एक डबा पुरेल.

आणि तिसरी गोष्ट लाइफ जॅकेटची. श्वास भरून घेतला असता बहुतेक माणसांचे शरीर पाण्याहून किंचित हलके आणि सोडला असता किंचित जड असते; म्हणजे जीव आणि मृत्यू यांच्यामधले अंतर येथे अवघ्या काही किलोंचे असते. दहा लिटर पाणी बाजूस सारणारे हलके जॅकेट ते अंतर भरून काढून नाकतोंड पाण्याबाहेर ठेवते. पण ते अंगात घालून बांधलेले हवे. नावेच्या कोपऱ्यात रचून ठेवलेले जॅकेट निव्वळ दप्तरी नोंदीच्या कामाचे.

पूल झाला की हा प्रश्न आपोआप मिटेल, असे म्हणणारे पुष्कळ आहेत. पूल अवश्य व्हावा. परंतु पुलामुळे मासेमाराची होडी थांबणार नाही, की कुंभारगावी रोहित पक्षी पाहावयास येणारी बिऱ्हाडेच्या बिऱ्हाडे नावेतून उतरणार नाहीत. १९१७ चा जुना कायदा जाऊन २०२१ चा अंतर्देशीय जलयान अधिनियम आला आहे. पण कायद्याचा अंमल धक्क्यावर दिसावा लागतो. जलाशयाचा एक काठ पुणे जिल्ह्यात आणि दुसरा सोलापूर जिल्ह्यात, म्हणून कोणत्याही कचेरीने हद्दीची सबब पुढे करू नये. दोन्ही जिल्हाधिकाऱ्यांनी मिळून, पावसाळ्यापूर्वीच्या वावटळींचा हंगाम सुरू होण्याआधी, प्रत्येक नावेची जलरेषा, बंदिस्त पोकळ्या व जॅकेटे यांची तपासणी करवावी आणि तिचा निकाल धक्क्यावरच फलकावर लिहावा, जेणेकरून दुधाची पावती डोळ्यांत तेल घालून वाचणाऱ्या माणसाला नावेत पाय ठेवण्यापूर्वी तोही वाचता येईल.